सील तुटलं म्हणून पंधरा टक्के?

प्रश्न: गेल्या शनिवारी दादरच्या एका दुकानातून दोन मोबाईल घेतले. मिस्टरांचा २६,९९९ रुपयांचा, फायनान्स कंपनीकडून सहा हप्त्यांवर. सासूबाईंचा १६,४९९ रुपयांचा, यूपीआयनं सगळे पैसे भरून. मिस्टरांच्या फोनवरून बोललं की समोरच्याला आवाज तुटक ऐकू जातो. सासूबाईंच्या फोनमध्ये काही बिघाड नाही, पण तो त्यांच्या हातात मावत नाही, त्यांना लहान हवा आहे. मंगळवारी दोन्ही फोन घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाला, 'सील तुटलंय. दोन्हींवर १५ टक्के रीस्टॉकिंग चार्ज कापणार.' म्हणजे एकूण ६,५२५ रुपये. वर उरलेले पैसे परत नाहीत, दुकानातलंच दुसरं काहीतरी घ्या, म्हणे. बिलाच्या मागे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं आहे. १५ टक्क्यांचं मात्र बिलावर, बोर्डावर कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही काय करावं?
एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर: ताई, दुकानदारानं दोन्ही फोन एकाच मापानं मोजले, तिथेच घोळ झाला. मिस्टरांचा फोन सदोष आहे. सासूबाईंचा फोन चांगला आहे, फक्त तुम्हाला नको आहे. पहिल्यावर एक रुपयाही कापून घेऊ नका. दुसऱ्यावर काही ना काही द्यावं लागेल, ते किती असावं यावर घासाघीस करता येईल. काउंटरवर दोन्हींबद्दल एकत्र बोलूच नका, वेगवेगळ्या दिवशी गेलात तर आणखी बरं.

हा रीस्टॉकिंग चार्ज मुळात अमेरिकेतल्या दुकानांतला प्रकार. तिथे बरीच मोठी दुकानं आणि मोबाईल कंपन्या ठरावीक दिवसांत, काही कारण न सांगता, उघडलेला फोन परत घेतात आणि त्या सवलतीपोटी ४५-५० डॉलरच्या आसपास रक्कम कापतात. 'मन बदललं' याची ती किंमत असते. आपल्याकडे काही दुकानदारांनी कपात तेवढी उचलली, कारण न विचारता परत घेण्याची सवलत उचलली नाही. खराब निघालेल्या मालावर हा चार्ज लावायला तर काहीच आधार नाही.

मिस्टरांचा फोन आधी घेऊ, कारण तिथे दिवस मोजून हातात आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, हा नकार देता येत नाही. तुमच्या बिलावर मुदत नाही, नुसता 'परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे. असं वाक्य छापून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. आणि कायद्यानं पैसे परत म्हटलं आहे, 'दुकानातलं दुसरं काही' असं म्हटलेलं नाही.

पण काउंटरवर कायदा वाचून दाखवण्याआधी एक काम करा, म्हणजे भांडायची वेळ बहुधा येणारच नाही. फोन घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि डीओए सर्टिफिकेट मागा. नवा फोन सुरुवातीपासूनच खराब निघाला, असा कंपनीचा लेखी दाखला म्हणजे डीओए. तो मिळाला की दुकानदाराला त्या फोनच्या बदल्यात वितरकाकडून नवा फोन मिळतो. त्याच्या खिशाला काहीच झळ बसत नाही, त्यामुळे १५ टक्क्यांचा विषयच उरत नाही. या दाखल्याची मुदत कंपनीगणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी ती बिलाच्या तारखेपासून सातच दिवस असते, वॉरंटी कार्डावर पाहून घ्या. शनिवारचं बिल आहे, म्हणजे याच आठवड्यात जायला हवं. दुकानदार 'दोन-चार दिवस वापरून बघा, सेट होईल' म्हणाला तर ऐकू नका. मुदत त्या दोन-चार दिवसांतच निघून जाते.

जाण्याआधी घरी दहा मिनिटं तपासणी करा. कव्हर काढा. कव्हरचं भोक खालच्या माइकवर नीट बसलेलं नसेल तर आवाज अगदी असाच तुटक जातो. मग फोनमधल्या रेकॉर्डरवर अर्धा मिनिट बोलून ऐका, हा सहसा खालचा माइक वापरतो. मागच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढा, त्यात बऱ्याच फोनमध्ये वरचा किंवा कॅमेऱ्याजवळचा माइक चालतो. त्यानंतर एक कॉल साधा, एक स्पीकरवर, आणि दोन्ही पुन्हा दुसऱ्या कंपनीचं सिम घालून. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि एकाच सिमवर आवाज तुटतो, तर दोष नेटवर्कचा असू शकतो. रेकॉर्डिंगही फाटत असेल किंवा दोन्ही सिमवर तेच होत असेल, तर दोष फोनचा. कॉल घराच्या आत आणि बाहेर मोकळ्यावर, दोन्हीकडून करून बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा नेटवर्कवरच बोट ठेवतील.

एक चूक फार लोक करतात. सिम ट्रेच्या शेजारी माइकचं बारीक छिद्र असतं आणि सिमची पिन चुकून त्यात खुपसली जाते. माइक फुटला की ते ग्राहकानं केलेलं नुकसान ठरतं आणि डीओए मिळत नाही. सिम बदलताना ट्रेच्या कडेचं छिद्र नीट बघूनच पिन घाला. आवाज साफ करायला म्हणून छिद्रात टाचणी, फुंकर, स्पिरिट काहीही नको. फोनच्या आत पाण्याची खूणपट्टी असते, बऱ्याच फोनमध्ये ती सिम ट्रेच्या खाचेत दिसते. ओल लागली की तिचा रंग बदलतो आणि मग वॉरंटीही हातची जाते.

सर्व्हिस सेंटरला बिल, आयएमईआयचा (प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचा) स्टिकर असलेलं खोकं, चार्जर, केबल, पिन, कागदपत्रं, सगळं न्या. डीओएसाठी खोक्यातली प्रत्येक वस्तू लागते. जॉबशीट, म्हणजे सेंटरनं तक्रार नोंदवल्याचा कागद, बनवताना तक्रारीच्या रकान्यात 'साउंड प्रॉब्लेम' असं मोघम लिहू देऊ नका. 'दोन्ही सिमवर, साध्या आणि स्पीकर कॉलमध्ये, समोरच्याला आवाज तुटक जातो, रेकॉर्डिंगमध्येही दोष, खरेदी शनिवारची' असं सांगून लिहून घ्या. तारीख आणि शिक्का बघा. ते सॉफ्टवेअर अपडेट टाकून फोन परत देतील, तशी शक्यता बरीच आहे. हरकत नाही, पण जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. अपडेटनंतरही तोच दोष दिसला तर पहिल्या जॉबशीटमुळे तक्रार मुदतीत नोंदली होती हे सिद्ध होतं. 'उघडून माइक बदलून देतो' असं म्हणाले तर ती दुरुस्ती आहे, डीओए नाही. फोन उघडायला तुमची सही लागते. नवा फोन हवा असेल तर ती सही देऊ नका आणि 'दुरुस्ती नको, बदली हवी' असं जॉबशीटवरच लिहा.

दाखला मिळाला की दुकानात जा. बदली फोन घेतलात तर जुन्या बिलावर नुसता आयएमईआय खोडून नवा लिहू देऊ नका. नवं बिल किंवा शिक्क्यासह दुरुस्त केलेलं बिल घ्या. फोनवर *#०६# दाबून दिसणारा क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. इंग्रजीत KYM, मग एक जागा सोडून तोच आयएमईआय क्रमांक, असा १४४२२ वर एसएमएस केला तर सरकारी नोंदीत त्या क्रमांकापुढे कोणतं मॉडेल आहे ते कळतं. सोबत विमा किंवा वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तीही नव्या क्रमांकावर करून घ्या, नाहीतर स्क्रीन फुटेल त्या दिवशी ती निरुपयोगी ठरेल.

आता हप्ते. इथे लोक सर्वात जास्त फसतात. फोन बदलून मिळाला तर कर्ज तसंच चालू राहतं, फक्त फायनान्स कंपनीकडे नवा आयएमईआय नोंदवायचा. काही कंपन्या हप्ता चुकला की फोन दुरून लॉक करतात आणि ते लॉक आयएमईआयला बांधलेलं असतं, म्हणून ही नोंद टाळू नका. फोन परत करून पैसे घेत असाल तर मात्र दुकानदारानं बिल रद्द केलं म्हणून कर्ज आपोआप रद्द होत नाही. दुकानदारानं फायनान्स कंपनीला पैसे परत पाठवायचे, कंपनीनं कर्ज रद्द करायचं आणि तुमच्या खात्यावरची हप्त्याची ऑटो-कपात बंद करायची. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, मधली एक राहिली तरी पुढच्या महिन्यात ४,५०० रुपयांचा हप्ता कापला जाईल. कर्ज रद्द झाल्याचं पत्र किंवा ईमेल हातात येईपर्यंत खात्यात एका हप्त्याची रक्कम ठेवा. रिकाम्या खात्यावर हप्ता आपटला तर दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. मग तो पुसायला महिने जातात. फाइल चार्ज फायनान्स कंपनी सहसा परत करत नाही, पण फोन सदोष होता म्हणून ती रक्कम दुकानदाराकडे लेखी मागा.

दुकानदार आणखी एक कारण पुढे करेल, 'जीएसटी सरकारकडे भरून झाला, तो कसा परत देऊ?' हे खरं नाही. माल परत आला की दुकानदार क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढतो आणि पुढच्या विवरणपत्रात तेवढा कर कमी भरतो. त्यासाठी त्याला पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतचा अवधी असतो, म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या नोव्हेंबरपर्यंत. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के कर आहे. तुमच्या २६,९९९ रुपयांत फोनची मूळ किंमत २२,८८० आणि कर ४,११८ रुपयांच्या आसपास आहे. हे ४,११८ त्याला परत मिळतात, मग तुम्हालाही मिळायला हवेत.

तरीही तो ऐकत नसेल तर एक अर्ज लिहा. मोठा नको, एवढा पुरे: 'दि. ___ रोजी बिल क्र. ___ अन्वये घेतलेल्या, आयएमईआय क्र. ___ असलेल्या मोबाईलमध्ये पहिल्या दिवसापासून माइकचा दोष आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट क्र. ___ सोबत जोडली आहे. फोन बदलून द्यावा किंवा रु. २६,९९९ कोणतीही कपात न करता सात दिवसांत परत करावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू.' दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. बऱ्याच दुकानदारांचा सूर या कागदानंतर बदलतो.

त्यापुढची पायरी म्हणजे १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतून बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तिच्या मागे लागते. म्हणून तक्रार मोबाईल बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं नोंदवा आणि दुकानाचा उल्लेख मजकुरात करा. मोठ्या कंपन्यांची हेल्पलाइनशी थेट जोडणी असते, गल्लीतल्या दुकानाची नसते. त्यानंही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कायदा तुम्हाला राहत्या ठिकाणी तक्रार करू देतो, त्यामुळे दुकान दादरला असलं तरी तुम्ही मुंबई उपनगर जिल्हा आयोगात जाऊ शकता. तो वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार भरता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. तक्रारीत 'सदोष वस्तू' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हेच शब्द वापरा. 'अन्याय्य करार' असा मुद्दा मुख्य केला तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं, साध्या फोनसाठी तो फेरा नको. अर्ज मराठीत नीट बसवायचा असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्रात जा. ही संस्था १९७५ पासून हेच काम करते आहे.

आता सासूबाईंचा फोन. इथे थोडी कडू गोष्ट सांगावी लागेल. दुकानात जाऊन, हातात धरून घेतलेली चांगली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत घ्यायला कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही. तीस दिवसांचा नियम सदोष मालापुरताच आहे. दुकानदाराचं नुकसानही खोटं नाही. फोन पहिल्यांदा चालू होऊन इंटरनेटला जोडला की कंपनीच्या सर्व्हरवर तो अॅक्टिव्हेट झाल्याची नोंद होते. पुढच्या गिऱ्हाईकाला तो नवा म्हणून विकता येत नाही, ओपन बॉक्स म्हणून कमी भावात काढावा लागतो. कंपनीनं उद्या त्या मॉडेलची किंमत उतरवली तर दुकानदाराला फरक भरून मिळतो तोही सहसा अॅक्टिव्हेट न झालेल्या फोनांवरच. त्यामुळे त्यानं काहीच कापू नये असं म्हणणं मला रास्त वाटत नाही.

मात्र १५ टक्क्यांचं आधी सांगितलं नव्हतं, लिहिलंही नव्हतं, ही तुमची बाजू भक्कम आहे. त्यावर बोलणी करा. फोन परत करून पैसे मागण्यापेक्षा त्याच दुकानातून दुसरा फोन घेते म्हणा, विक्री हातची जात नाही म्हटल्यावर दुकानदार बराच खाली येतो. सासूबाईंनी फोन नुसता उघडून पाहिला असेल, सिम घातलं नसेल, वायफायला जोडला नसेल, तर तो अॅक्टिव्हेट झालेला नसण्याची शक्यता आहे. दुकानदाराला त्याच्या अॅपमध्ये आयएमईआय टाकून तुमच्यासमोर तपासायला सांगा. तसं असेल तर त्याचं नुकसान फुटलेल्या सीलपुरतं आहे, १५ टक्क्यांचं नाही.

आकडाही नीट पाहा. त्यानं १६,४९९ वर १५ टक्के म्हणजे २,४७५ धरले, पण या १६,४९९ मध्ये कर आहे. मूळ किंमत १३,९८२. तिच्यावर १५ टक्के होतात २,०९७ रुपये, आणि त्यात १८ टक्के कर मिळवला की बरोबर २,४७५. म्हणजे तो २,४७५ घेत असेल तर कापलेल्या रकमेचा आणि तिच्यावरच्या कराचा हिशेब क्रेडिट नोटवर किंवा वेगळ्या पावतीवर दिसला पाहिजे. कागद द्यायला तयार नसेल तर त्यातले ३७८ रुपये मागण्याचा त्याला अधिकार नाही. हे शांतपणे, कागदावर मांडून दाखवा.

देण्याआधी एक तुलना करा. जुने फोन विकत घेणाऱ्या दोन-तीन अॅपवर हाच फोन, बिल-खोक्यासह, किती किमतीला जातो ते बघा. सहसा तिथे २,४७५ पेक्षा बराच जास्त तोटा होतो. तसं असेल तर दुकानदाराला पैसे देऊन मोकळं होणं परवडतं. आणि सासूबाईंना फक्त पकडीचाच त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये 'वन हँडेड मोड' चालू करून दोन दिवस देऊन बघा. मागे चिकटवायची रिंग शंभर-दीडशे रुपयांत मिळते. बोटं आखूड असतील तर याचा उपयोग होतो, मनगट दुखत असेल तर वजन कमी झाल्याशिवाय काही फरक पडत नाही.

फोन परत द्यायचाच ठरला तर क्रम चुकवू नका. आधी व्हॉट्सअॅपचा बॅकअप, मग यूपीआय अॅपमधून बाहेर पडणं, ई-सिम असेल तर ते दुसऱ्या फोनवर नेणं, त्यानंतर सेटिंगमधून गूगल खातं काढणं आणि सर्वात शेवटी फॅक्टरी रीसेट. गूगल खातं न काढता बटणं दाबून रीसेट मारला तर फोन पुन्हा चालू होताना त्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि अडकून बसतो, मग दुकानदार कपात वाढवायला मोकळा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा. काउंटरवर फोन देताना चारही कडा, स्क्रीन, मागची बाजू आणि *#०६# चा क्रमांक एकाच सलग व्हिडिओत घ्या, नंतर 'ओरखडा होता' असं ऐकावं लागणार नाही. पैसे यूपीआयनं दिले होते, त्यामुळे परतावाही त्याच खात्यावर मागा आणि व्यवहार क्रमांक क्रेडिट नोटवर लिहून घ्या.

लहान फोन घेताना पैसे देण्याआधी विचारा: परत करायचा झाला तर किती दिवसांत, किती कापणार, पैसे मिळणार की दुसरा माल? जे उत्तर येईल ते बिलावर पेनानं लिहून दुकानदाराची सही घ्या. आणि खोकं फोडण्याआधी काउंटरवरचा डेमो फोन सासूबाईंच्या हातात पाच मिनिटं राहू द्या.